निंगबोचा सप्लायर युआन मागतोय, द्यावेत का?

डिसेंबर 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात आलेलं हे पत्र, थोडं कापून:

"भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. पॅकेजिंग मशीनला लागणाऱ्या सर्व्हो मोटारी बनवतो. सासऱ्यांनी 1994 साली एका सेकंडहँड जपानी लेथवर सुरुवात केली. आता उत्पादन दीर बघतात, खरेदी आणि हिशेब माझ्याकडे. मॅग्नेट आणि बेअरिंग चीनमधून, निंगबोहून येतात, महिन्याला साधारण 40 हजार डॉलरचा माल. आमच्या 15 हजार डॉलरच्या मोटारी अमेरिकेला जातात. ऑगस्टमध्ये 50 टक्के टॅरिफ लागल्यापासून तिकडचं गिऱ्हाईक दर महिन्याला भाव पाडून मागतंय. आणि आता निंगबोवाला म्हणतो, जानेवारीपासून डॉलर नकोत, युआनमध्ये पैसे द्या, अडीच टक्के कमी करतो. सासरे म्हणतात, अमेरिकेचे दिवस भरले, उद्याचं चलन युआनच, वर्षभराचा करार करून टाक. दीर म्हणतात, रुपयापुढे डॉलर कधी खाली आलाय का? निर्यातीचे डॉलर विकू नकोस, साठव. रोज जेवताना हाच वाद. मी तोंड उघडलं की 'तू हिशेब बघ.' रुपया नव्वदच्या पलीकडे गेला त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणाचं ऐकू?"

ताई,

आधी उत्तर देतो, कारण सप्लायर थांबलाय. अडीच टक्क्यांचा प्रस्ताव टाकून देण्यासारखा नाही, पण वर्षाचा करार करू नका. तीन महिने, आणि तेही अर्ध्याहून थोड्या जास्त मालापुरतं करून बघा. डॉलर साठवायचं मात्र मनातून काढून टाका. मी 29 वर्षं बँकेच्या फॉरेक्स डेस्कवर काढली आहेत. तुमच्यासारख्या युनिटांचे कागद रोज हाताखालून जायचे, त्या अनुभवावरून हे सांगतोय.

तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा आकडा तुम्ही सहज लिहून गेलात. 40 हजार बाहेर, 15 हजार आत. म्हणजे दर महिन्याला 25 हजार डॉलरच्या दराचा धोका तुमच्या अंगावर आहे. रुपया एकाने घसरला की तुमचे महिन्याला 25 हजार रुपये जातात. 2025 च्या सुरुवातीला डॉलर साडेपंच्याऐंशीच्या आसपास होता, 3 डिसेंबरला तो नव्वदच्या वर गेला. या साडेचार रुपयांत तुमच्या युनिटचे महिन्याला सव्वा लाखाला थोडे कमी गेले. झोप उडाली ती एवढ्या पैशांची. रक्कम लहान नाही, पण मोजता येते, आणि जे मोजता येतं त्यावर काहीतरी करता येतं. अमेरिका संपली की चीन जिंकला, याचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला थांबायची गरज नाही.

आता निंगबोवाला असं का म्हणतोय ते बघू. त्याचे पगार, वीज, कच्चा माल सगळं युआनमध्ये. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचा टॅरिफ 145 टक्क्यांपर्यंत नेला तेव्हा एका डॉलरला 7.35 युआन मिळत होते. डिसेंबरात तेच 7.05 च्या आसपास आले. त्याच डॉलरमागे त्याच्या हातात चार टक्के कमी युआन पडू लागले. तो तुम्हाला अडीच टक्के सोडतोय, कारण युआन अजून वधारला तर बसणारा फटका तुमच्या अंगावर टाकायची किंमत त्याला तेवढी परवडते. यात त्याची लबाडी नाही. त्याच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही हेच केलं असतं.

युआनबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. तो आपल्या रुपयासारखा दिवसभर हिंदकळत नाही. चीनची मध्यवर्ती बँक रोज सकाळी सव्वानऊला डॉलरचा मध्य दर जाहीर करते आणि चीनमधल्या बाजाराला त्याच्या वर-खाली 2 टक्क्यांतच फिरायची मुभा असते. जुलै 2005 पर्यंत तर कित्येक वर्षं डॉलरला 8.28 युआन हा दर जागचा हलला नव्हता. त्यामुळे युआन कुठे जाणार हे बऱ्याच अंशी बीजिंगमध्ये ठरतं, आणि तिथे ते अमेरिकेकडे बघून ठरतं. ऑगस्ट 2019 चा पहिला आठवडा मला अजून आठवतो. ट्रम्प यांनी आणखी 300 अब्ज डॉलरच्या चिनी मालावर 10 टक्के टॅरिफ जाहीर केला. चार दिवसांत, 5 ऑगस्टला, बीजिंगने युआन सातच्या पलीकडे जाऊ दिला. डेस्कवर सगळे स्क्रीनकडे बघत उभे होते, कारण अकरा वर्षांत तसं झालं नव्हतं. हिशेब सरळ होता. टॅरिफने माल 10 टक्के महाग होणार असेल आणि चलन त्याच वेळी स्वस्त होत असेल, तर अमेरिकन दुकानात त्या मालाची किंमत फारशी हलत नाही. त्याच दिवशी अमेरिकेच्या अर्थखात्याने चीनवर 'चलनात फेरफार करणारा देश' असा शिक्का मारला. जानेवारी 2020 मध्ये दोघांचा करार व्हायच्या दोन दिवस आधी तो शिक्का पुसलाही.

2025 मध्ये मात्र बीजिंगने तो मार्ग फार वापरला नाही. टॅरिफ कितीतरी मोठा असूनही युआन 7.35 ला टेकवून परत वधारू दिला. माझ्या मते त्याचं मोठं कारण तुमच्या हातातल्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसमध्येच, सप्लायरच्या कच्च्या बिलातच, आहे. जगाने आपलं चलन वापरावं अशी इच्छा असलेल्या देशाला ते चलन मुद्दाम पाडता येत नाही, कारण पडणारं चलन कुणी हातात धरत नाही. 2009 साली चीनने काही शहरांतल्या कंपन्यांना युआनमध्ये परदेशी व्यापार करायची परवानगी दिली, 2015 मध्ये पैसे पाठवायची स्वतःची यंत्रणा उभी केली, 2016 मध्ये युआन आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या राखीव चलनांच्या टोपलीत गेला. आज चीनच्या मालाच्या व्यापारातला 30 टक्क्यांच्या आसपास भाग युआनमध्ये होतो. तुमच्या सप्लायरचा ईमेल त्या मोठ्या प्रवाहातला एक थेंब आहे.

सासऱ्यांना जे दिसतंय ते खरं आहे, हे त्यांना आधी सांगा. 2022 मध्ये रशियाची सुमारे 300 अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली तेव्हापासून कित्येक देशांच्या मध्यवर्ती बँकांनी डॉलरकडे संशयाने बघायला सुरुवात केली. 2000 साली जगाच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा 70 टक्क्यांच्या वर होता, आता तो 57 च्या आसपास आहे. पण तो सुटलेला वाटा युआनकडे गेलेला नाही. युआन दोन टक्क्यांच्या आसपास घुटमळतोय, कारण चीनमधून पैसा हवा तेव्हा बाहेर काढता येत नाही. मध्यवर्ती बँका वळल्या त्या सोन्याकडे. आपल्याकडे लग्नसराईत सोन्याचा भाव बघून जो घाम फुटला, त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि त्यांना त्या जपानी लेथची आठवण करून द्या. त्यांनी ती घेतली तेव्हा जगभर हेच बोललं जात होतं, फक्त युआनच्या जागी येन होता. सप्टेंबर 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन यांनी बसून डॉलर उतरवायचं ठरवलं. तेव्हा डॉलरला 240 येन पडायचे. सव्वादोन वर्षांत ते निम्म्यावर आले. जपानने त्याचा धक्का झेलायला व्याजदर खाली आणले, पैसा जमिनींत आणि शेअरांत गेला, 1989 च्या शेवटच्या दिवसांत निक्केई निर्देशांक शिखरावर पोचला आणि तिथून जो कोसळला तो त्या पातळीवर परत यायला फेब्रुवारी 2024 उजाडला. येन मात्र चढतच राहिला. एप्रिल 1995 मध्ये, तुमचं युनिट एखाद वर्षाचं असताना, एका डॉलरला 80 येनसुद्धा मिळत नव्हते. ज्यांनी तेव्हा 'उद्याचं चलन येन' म्हणून डॉलर देऊन येन धरून ठेवला, त्यांना आज एका डॉलरसाठी दीडशेहून जास्त येन मोजावे लागतात. म्हणजे निम्मी रक्कम गेली. टोयोटा बुडाली नाही, जपान गरीब झाला नाही, तरी हे झालं. देश मोठा होतो म्हणून त्याचं चलन आपल्या करारापुरतं आपल्याला हवं तसं वागत नाही. बीजिंगमधले लोक हा प्लाझाचा धडा फार बारकाईने वाचतात. युआन किती वधारू द्यायचा हे ते दुसऱ्या कुणाला ठरवू देणार नाहीत.

आता बँकेची बाजू. तुम्ही युआनमध्ये पैसे भरायला गेलात की बहुतेक वेळा बँक तुमच्या रुपयांचे आधी डॉलर करते आणि त्या डॉलरचे युआन. रुपया-युआनचा थेट बाजार तेवढा खोल नाही. जगातल्या चलनांच्या शंभर सौद्यांपैकी 88-89 सौद्यांत एका बाजूला डॉलर असतो, तो असा. डॉलर टाळायला म्हणून दिलेले पैसेसुद्धा डॉलरच्याच पुलावरून जातात, आणि त्या पुलावर टोल दोनदा लागतो. महिन्याच्या पूर्ण मालाचा हिशेब मांडू. 40 हजार डॉलर म्हणजे नव्वदच्या दराने 36 लाख. अडीच टक्के म्हणजे 90 हजारांची सूट. छोट्या गिऱ्हाइकाला बँकेचं जादा मार्जिन एक टक्का पडलं, आणि पडतं, तर 36 हजार तिथेच गेले. उरले 54 हजार. त्यानंतर युआन डॉलरच्या तुलनेत दीड टक्का जरी वधारला तरी तेही संपले. एप्रिल ते डिसेंबर तो चार टक्के वधारला होता.

हाच हिशेब उलट करून बघा. एप्रिलमध्ये एक युआन पावणेबारा रुपयांच्या आसपास होता, डिसेंबरात पावणेतेराच्या आसपास. तुम्ही वर्षाचा करार मागच्या एप्रिलमध्ये युआनमध्ये केला असतात, तर रुपयांतला खर्च आठ-नऊ टक्के वाढला असता. डॉलरमध्ये तो चारच टक्के वाढला. पुढच्या वर्षी उलटही होईल, ते कुणी सांगू शकत नाही. म्हणूनच वर्षभर बांधून घेऊ नका म्हणतोय.

तेव्हा असं करा. निर्यातीचे जे 15 हजार डॉलर येतात तेवढ्या किमतीचा चिनी माल डॉलरमध्येच ठेवा. आलेले डॉलर तुमच्या ईईएफसी खात्यात (निर्यातदाराला परकीय चलन ठेवता येतं ते खातं) घ्या आणि त्यातूनच निंगबोला टीटी करा, म्हणजे बँकेमार्फत थेट पैसे पाठवा. रुपयांत जाणं-येणं नाही, मार्जिन नाही, दराची चिंता नाही. राहिलेल्या 25 हजारांच्या मालासाठी सप्लायरला युआनचा कोट द्यायला सांगा, मुदत तीन महिने. अडीचऐवजी साडेतीन टक्के सूट मागा, तो तीनवर यावा. आणि एक अट लिहून घ्या: डॉलर-युआनचा दर करारातल्या दरापासून 3 टक्क्यांहून जास्त हलला तर फरक दोघांनी निम्मा-निम्मा सोसायचा. चिनी सप्लायर अशी अट मान्य करतात, विचारायला लाजू नका. त्याआधी दोन बँकांकडून युआनचा कोट घ्या, आणि लेखी घ्या. काही बँका हे काम सहज करतात, काहींच्या शाखेला ते माहीतच नसतं. तिसरी गोष्ट, डॉलर विकत घ्यायचे असतील तर शाखेच्या कार्ड रेटवर, म्हणजे बँकेने दिवसासाठी छापलेल्या दराने, कधी घेऊ नका. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचं एफएक्स-रिटेल नावाचं व्यासपीठ ऑगस्ट 2019 पासून आहे, छोट्या गिऱ्हाइकाला बाजारभावाने डॉलर मिळावेत म्हणूनच ते काढलं. तुमच्या बँकेला त्याची नोंदणी करून द्यायला सांगा.

दिरांना काय सांगायचं? पहिलं म्हणजे नियम. ईईएफसी खात्यात एका महिन्यात आलेले डॉलर पुढच्या महिनाअखेरीपर्यंत वापरले नाहीत तर ते रुपयांत करून घ्यावे लागतात. साठवायची सोयच नाही. दुसरं, 2025 च्या पहिल्या सहा महिन्यांत डॉलर जगातल्या मोठ्या चलनांच्या तुलनेत दहा टक्क्यांहून जास्त पडला. 1973 नंतर एवढी वाईट पहिली सहामाही त्याने बघितली नव्हती. रुपया त्याहूनही अशक्त ठरला म्हणून तो आपल्याला चढलेला दिसला. आणि रुपयापुढे डॉलर कधी खाली येत नाही, हे त्यांचं म्हणणं 2007 साल न बघितलेल्या माणसाचं आहे. त्या वर्षी डॉलर 44 रुपयांवरून 39 च्या घरात आला होता.

ते वर्ष मी विसरू शकत नाही. पुण्याजवळचे एक कारखानदार अमेरिकेला लोखंडी सुटे भाग पाठवायचे. रुपया वधारल्यामुळे त्यांचा नफा दर महिन्याला आटत होता. एका बँकेच्या माणसाने त्यांना 'फुकट' ऑप्शन, म्हणजे चलनाच्या दरावरचा एक करार, विकला. कागद डॉलर आणि स्विस फ्रँकचा होता. या माणसाने स्वित्झर्लंडला एक खिळासुद्धा विकला नव्हता की तिथून घेतला नव्हता. डॉलर एका फ्रँकच्या खाली कधी गेलेला नाही, जाणारही नाही, एवढ्या भरवशावर सही झाली. सही करून झाल्यावर ते तो कागद घेऊन माझ्याकडे आले, चहा न घेता अर्धा तास बसून होते. मार्च 2008 मध्ये डॉलर एका फ्रँकच्या खाली गेला. त्यांना शेडच्या शेजारचा प्लॉट विकावा लागला. मुलीच्या नावाने घेतलेला प्लॉट होता. मला आजही वाटतं की ते सहीच्या आदल्या दिवशी यायला हवे होते. त्या वर्षी तिरुपूरपासून लुधियान्यापर्यंत कितीतरी निर्यातदारांनी असे कागद केले आणि पुढे कोर्टात गेले. म्हणून कळकळीने सांगतो, जे चलन तुमच्या बिलांत येत नाही त्याच्या वाटेला जाऊ नका, कुणी फुकट दिलं तरी.

अमेरिकन गिऱ्हाइकाबद्दल थोडंच लिहितो. 50 टक्क्यांतले 25 हे ऑगस्ट 2025 मध्ये रशियन तेलाच्या नावाने लावले गेले, ते राजकारणाच्या एका फोनवर कमी-जास्त होतील. त्याला कायमची भावकपात देऊ नका. प्रत्येक शिपमेंटपुरती सूट द्या आणि इनव्हॉइसवर ती वेगळ्या ओळीत दाखवा, म्हणजे टॅरिफ उतरला की ती ओळ काढून टाकता येईल. एकदा मूळ भावच खाली नेलात की तो परत वर येत नाही.

आता ज्याची मला तुमच्यासाठी खरी काळजी वाटते ते. चलनाने तुमचा नफा कमी होईल, मॅग्नेट अडले तर युनिटच थांबेल. 4 एप्रिल 2025 ला, अमेरिकेच्या टॅरिफ घोषणेनंतर दोनच दिवसांनी, चीनने सात दुर्मिळ मृदा (रेअर अर्थ) मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या मॅग्नेटच्या निर्यातीला परवाना लावला. अशा मॅग्नेटपैकी सुमारे 90 टक्के एकटा चीन बनवतो. लष्करी वापर होणार नाही असं अंतिम वापराचं प्रमाणपत्र, त्यावर सरकारी शिक्के, मग महिनोन्महिने वाट. त्या वर्षी आकुर्डी-चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना याचा चटका बसला, तुमच्या कानावर आलंच असेल. तुमचे मॅग्नेट निओडिमियमचे असणार. त्यात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम असेल तर ते परवान्यात येतात. मोटार तापली तरी मॅग्नेटची ताकद जाऊ नये म्हणून हे घालतात, त्यामुळे सर्व्हो मोटारीत ते असण्याची शक्यता मोठी आहे. कोणत्या मॉडेलला खरंच तेवढ्या उष्णतेची ग्रेड लागते आणि कुठे साध्या ग्रेडवर भागेल, हा प्रश्न दिरांना विचारा. त्याचं उत्तर घरात फक्त तेच देऊ शकतात, आणि युआन-डॉलरच्या वादापेक्षा त्यांचा वेळ तिथे कितीतरी जास्त कारणी लागेल.

घरातल्या वादाचं म्हणाल तर तुम्ही मत मांडू नका, कागद ठेवा. एका पानावर तीन रकाने करा: माल कुठला, बिल कोणत्या चलनात, पैसे कधी द्यायचे. मागच्या बारा महिन्यांचे प्रत्येक टीटीचे दर त्यासमोर लिहा. ते सगळं तुमच्याच फाइलमध्ये आहे. 'तू हिशेब बघ' म्हणतात ना, मग बघितलेला हिशेब ताटं वाढायच्या आधी दोघांच्या समोर ठेवा. युआनमध्ये दिले असते तर किती गेले असते, डॉलरमध्ये किती गेले, हे त्यांच्याच युनिटच्या आकड्यांत दिसलं की आवाज आपोआप खाली येतील. सासऱ्यांनी एका जुन्या लेथवर इतकं उभं केलं, त्यांना आकडा कळत नाही असं मला वाटत नाही. त्यांना तो कुणी दाखवलेला नाही.

वेळेचं तेवढं सांभाळा. 2026 चं चिनी नववर्ष 17 फेब्रुवारीला आहे. निंगबोचे कामगार त्याच्या आधीच गावाकडे निघतात आणि कारखाने नीट सुरू व्हायला मार्च उजाडतो. परवान्याचा माल असेल तर त्याचा अर्ज आत्ताच टाकायला सांगा आणि दोन महिन्यांचे मॅग्नेट जानेवारीतच बोटीवर चढू द्या. दोन्ही बँकांचे कोट आले की मला पाठवा. त्यांनी मार्जिन किती लावलंय ते बघून लगेच कळवतो.